गोल्डफिशच्या छोट्या टाकीत खरी झाडं टिकवायची कशी?

पाणवेल:

टाकी ६० × ३० × ३६ सेंमी. खडे आणि वरची मोकळी जागा वजा जाता पाणी साधारण ५० लिटर. दोन फँटेल (दुहेरी शेपटीचे गोल्डफिश), शेपटी सोडून ५-६ सेंमीचे. ताशी ४०० लिटरचा हँग-ऑन (टाकीच्या काठाला अडकवायचा) फिल्टर आणि एक एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड). हीटर नाही, पाणी २० ते २५ अंशांच्या मध्ये असतं. तळाला वाटाण्याएवढे पांढरे खडे. टाकी जुनी आहे. अमोनिया, नायट्राइट शून्य; नायट्रेट आठवडा संपताना ४० पीपीएमच्या आसपास जातं. आठवड्याला ४०% पाणी बदलतो.

प्लॅस्टिकची झाडं काढून खरी लावायची आहेत. कॅबोम्बाच्या जुड्या लावल्या की रात्रीतून उपटल्या जातात आणि नुसत्या काड्या तरंगत राहतात. टाकीकडे घरातली मुलंही बघतात, त्यामुळे रोज कात्री-चिमटा घेऊन बसावं लागेल असं काही नको.

विचारायचं ते असं: गोल्डफिशबरोबर कोणती झाडं टिकतात आणि ती बसवायची कशी? खत, सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायू) यातलं नेमकं काय लागतं? आणि झाडं नीट वाढली तर पाणी बदलणं कमी करता येईल का?

संथ पाणी:

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: नाही. सविस्तर खाली लिहितो.

कॅबोम्बा गोल्डफिशच्या टाकीत टिकणारच नाही. मऊ आणि बारीक पानांचं जे काही आहे (लुडविजिया, रोटाला, बहुतेक मॉस) त्याची तीच गत होते. जे खाल्लं जात नाही ते उपटलं जातं, कारण गोल्डफिश दिवसभर तळ तोंडात घेऊन चाळत असतो. अन्न शोधण्याची त्याची पद्धतच ती आहे, मोडायला जाऊ नका. झाड निवडताना एवढंच बघा की पान चिवट आहे का, आणि मुळं तळात न रोवता झाड जगतं का.

दोन्ही कसोट्यांना उतरणारी झाडं म्हणजे अनुबियस (नाना किंवा बार्टेरी) आणि जावा फर्न. तुमच्या टाकीत सुरुवात या दोघांनीच करा. दोन्हींचं खोड आडवं, जाडसर असतं, त्याला रायझोम म्हणतात. पानं त्याच्या वरून फुटतात, मुळं खालून. हे खोड वाळूत किंवा खड्यांत पुरलं की कुजतं. आधी ते मऊ पडतं, मग पानं देठापासून सुटून तरंगायला लागतात. 'अनुबियस आमच्याकडे जगत नाही' म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं झाड पुरलेलं असतं.

बसवायची रीत अशी. मुठीएवढा, खडबडीत, जड दगड घ्या. रायझोमवरची कुंडी आणि रॉकवूल (मुळांभोवतीचा लोकरीसारखा भराव) पूर्ण काढा, मुळं २-३ सेंमी ठेवून कापा. दगडाचा एक कोपरा आणि रायझोमची खालची बाजू कापडाने टिपून कोरडी करा. सायनोॲक्रिलेट सुपरग्लू, तोही जेल प्रकारचा, हरभऱ्याएवढा एक ठिपका दगडावर टाका, रायझोम त्यावर अर्धा मिनिट दाबून धरा आणि सरळ पाण्यात सोडा. पाणी लागताच गोंद पांढरा होतो, त्याने माशांना काही होत नाही. पातळ सुपरग्लू वापरू नका, तो रायझोमवर पसरतो आणि दगड धरत नाही. गोंद मोठ्यांनीच लावावा, मुलांची बोटं चिकटतात.

गोंद नको असेल तर दोऱ्याने बांधता येतं, पण सुती दोरा काही आठवड्यांत कुजतो आणि गोल्डफिश त्याच्या आधीच ओढून बघतो. मासेमारीची नायलॉन तार बरी. दोन-तीन वेढे, रायझोम कापला जाणार नाही इतपतच घट्ट, आणि मोकळी टोकं अगदी जवळून कापायची.

दगड किंवा लाकूड फिल्टरच्या धारेखाली ठेवू नका, बाजूला ठेवा. गोल्डफिशची घाण बरीच असते आणि अनुबियसच्या रुंद पानांवर तिचा थर बसतो. दर पाणीबदलात आधी हाताने पानं हलवून गाळ उडवायचा, मग सायफन लावायचा.

आता पाणीबदल. अनुबियस आणि जावा फर्न सावकाश वाढणारी झाडं आहेत, त्यामुळे नायट्रोजनही सावकाश घेतात. दोन फँटेल रोज जेवढा अमोनिया सोडतात त्यापुढे त्यांचा वाटा किरकोळ. भराभर वाढणाऱ्या झाडांनी फरक पडतो, पण तीच मासे खातात. शिवाय पाणीबदलाचं काम फक्त नायट्रेट काढण्यापुरतं नसतं. गोल्डफिशच्या टाकीत पाण्याची क्षारता (पीएच स्थिर ठेवणारी कार्बोनेटं, खारटपणा नव्हे) हळूहळू वापरली जाते आणि बदल थांबवला की पीएच एकदम कोसळू शकतो. ४०% चालूच ठेवा.

आणि एक, विचारलं नसलं तरी: हे फँटेल वाढल्यावर ५० लिटर कमी पडणार. दोन पूर्ण वाढीच्या फँटेलना १०० लिटरच्या पुढची टाकी धरून चाला. दगडावर बसवलेली झाडं तेव्हा जशीच्या तशी उचलून नेता येतात, हाही एक फायदाच.

तळवाळू:

वरच्याशी सहमत, पण आधी ते वाटाण्याएवढे खडे काढा. ६ ते ८ मिमीचा खडा गोल्डफिशच्या तोंडात बरोबर अडकतो आणि मग तो स्वतःहून बाहेर काढता येत नाही. एक तर बारीक वाळू हवी, नाहीतर तोंडात मावणारच नाहीत असे ३ सेंमीच्या वरचे गोटे. मधलं काही नको.

माझी पसंती वाळूला. ०.५ ते १ मिमी, थर २ सेंमी, फार तर ३. बादलीत पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवायची. जाड थराखाली हवा पोचत नाही आणि घाण सडते. पातळ थर मासे स्वतःच फिरवत राहतात, त्यांच्या त्या उकरण्याचा उपयोग इथे होतो. फिल्टरचं शोषनळीचं तोंड वाळूपासून ८-१० सेंमी वर घ्या आणि त्यावर स्पंज चढवा. वाळू आत गेली की मोटरचा पंखा घासून जातो.

पांढरे खडे संगमरवराचे असण्याची शक्यता असते. एका खड्यावर पांढऱ्या व्हिनेगरचे थेंब टाकून बघा. फेस आला तर त्यात चुना आहे. गोल्डफिशला थोडं जड (कॅल्शियमसारखे क्षार जास्त असलेलं) पाणी चालतं, त्यामुळे घाबरायचं कारण नाही, पण पीएच का चढतोय हे कळतं.

टाकी भरलेली असताना सगळे खडे एका दिवसात काढू नका. फिल्टरमधल्याइतके नाही, तरी बरेच उपयोगी जिवाणू खड्यांवर असतात. आठवड्याला एक-तृतीयांश काढा आणि तेवढे दिवस खाणं निम्म्यावर आणा. फिल्टरचा स्पंज त्या काळात धुवायचा नाही.

हिरवी काच:

तळवाळू म्हणतात ती वाळू ठीक आहे, पण त्या वाळूत झाडं लावायला जाऊ नका. २-३ सेंमी वाळूत गोल्डफिश काहीही रुजू देत नाही. मुळंवाली झाडं हवी असतील तर ती कुंडीत लावा.

कुंडी मातीची, न रंगवलेली, झिलई नसलेली, ८ ते १० सेंमी व्यासाची. नवी कुंडी २४ तास पाण्यात बुडवून ठेवायची. तळाच्या भोकावर स्पंजचा तुकडा, त्यावर धुतलेली वाळू काठाच्या २-३ सेंमी खालपर्यंत. झाड लावून झालं की वर ३-४ सेंमीचे गुळगुळीत गोटे एकमेकांना टेकतील असे रचा, मधून फक्त झाडाचा गाभा वर दिसला पाहिजे. गाभा, म्हणजे मुळं आणि पानं जिथे मिळतात ती जागा, पुरली तर झाड जातं. गोटे ढिले ठेवले तर मासा एकेक उचलून बाजूला टाकतो आणि खालपर्यंत पोचतो.

कुंडीत लावण्याजोगी झाडं:

व्हॅलिस्नेरिया. पट्टीसारखी लांब पानं, जड पाण्यात खुश, थंडही चालतं. पानं पृष्ठभागावर पसरली की कापायची ती सरळ आडवी. नीट रुजली की धुमारे सोडते. कुंडीबाहेर आलेला धुमारा मासे उपटतील, उपटू द्या.

क्रायनम थायानम. कांद्यातून येणारी चामड्यासारखी पानं, गोल्डफिश फारसा तोंड लावत नाही. कांद्याचा वरचा दोन-तृतीयांश भाग वाळूच्या वर ठेवायचा. वाढ सावकाश, पण या यादीतलं सगळ्यात निर्धास्त झाड हेच. पानं मीटरभरही होतात, तुमच्या टाकीत ती वर वळून तरंगतील.

ॲमेझॉन स्वोर्ड. मुळं भरपूर, झाड मोठं. एका कुंडीत एकच. याला मुळाशी खत हवं.

कुंडीचा खरा फायदा वेळेचा आहे. झाड लावलेली कुंडी ३-४ आठवडे माशांशिवाय, एखाद्या बादलीत किंवा पारदर्शक डब्यात, दिव्याखाली ठेवा. पांढरी नवी मुळं तळाच्या भोकातून डोकावली की मगच टाकीत. तोपर्यंत गोगलगाई, हायड्रा, झाडाबरोबर आलेलं काहीही दिसून येतं, म्हणजे विलगीकरणही त्यातच उरकतं.

एक गोष्ट बरेच लोक सांगत नाहीत. विक्रीला येणारी स्वोर्ड, क्रिप्टोकोरीन, अनुबियस ही पुष्कळदा पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवलेली असतात. पाण्यात गेल्यावर ती जुनी पानं सोडतात आणि पाण्यातली वेगळी पानं काढतात. पहिल्या २-४ आठवड्यांत पानं पारदर्शक होऊन गळाली तर झाड मेलं असं समजून फेकू नका. गळकी पानं बुडापासून कापा, नाहीतर ती कुजून अमोनिया वाढवतात. गाभा टणक आहे तोवर झाड जिवंत आहे.

संथ पाणी:

हिरवी काच, कुंडीची सूचना चांगली आहे, पण ५० लिटरमध्ये दोनापेक्षा जास्त कुंड्या नकोत. पोहायची जागा जाते आणि कुंड्यांच्या मागे घाण साठते, तिथे सायफन पोचत नाही.

पाणवेल:

धन्यवाद, बरंच स्पष्ट झालं. खडे काढायला सुरुवात करतो. दिवा किती वेळ लावायचा? सध्या संध्याकाळपासून झोपेपर्यंत असतो, कधी ४ तास, कधी ९. खताचंही सांगा. आणि झाडं आणल्यावर ती निर्जंतुक कशी करायची? ब्लीचबद्दल वाचलं, पण भीती वाटते.

हिरवी काच:

दिवा: टायमर लावा, रोज ठरावीक वेळ. पहिला महिना ६ तास, मग ७-८. त्यापुढे जाऊ नका. कधी ४, कधी ९ हे झाडांना जमत नाही, शेवाळाला जमतं. ६५०० केल्व्हिनचा पांढरा एलईडी, तुमच्या टाकीला १० ते १२ वॅट पुरे. अनुबियसला तर कमीच प्रकाश बरा. जास्त प्रकाशात त्याच्या पानांवर हिरवे टणक ठिपके धरतात आणि पान सावकाश बदलत असल्यामुळे ते तिथेच राहतात. खिडकीचं थेट ऊन टाकीवर येऊ देऊ नका.

सीओटू अजिबात नको. तुम्ही निवडलेल्या एकाही झाडाला त्याची गरज नाही. गोल्डफिशला ऑक्सिजन भरपूर लागतो, त्यासाठी पाण्याचा पृष्ठभाग हलता ठेवावा लागतो, आणि तसं केलं की घातलेला सीओटू उडूनच जातो. एअर स्टोन रात्री बंद करू नका. दिवा बंद झाल्यावर झाडंही ऑक्सिजन घेतात.

'लिक्विड कार्बन' नावाने जे मिळतं ते बहुधा ग्लुटाराल्डिहाइड असतं. व्हॅलिस्नेरिया आणि हॉर्नवर्ट (सुईसारख्या पानांची, मुळं नसलेली पाणवनस्पती) त्याने वितळतात. टाळा.

खत: माशांच्या विष्ठेतून नायट्रेट आणि फॉस्फेट मिळतं, भरपूर. कमी पडतं ते पोटॅशियम, आणि कधी लोह. म्हणून द्रवखत घेताना नायट्रोजन आणि फॉस्फरस नसलेलं घ्या आणि बाटलीवरच्या मात्रेच्या निम्म्याने सुरू करा. जुन्या पानांना टाचणीएवढी भोकं पडून कडा पिवळ्या होत असतील तर पोटॅशियम कमी आहे. नवी पानंच फिकट येत असतील आणि शिरा हिरव्या राहत असतील तर लोह. नुसतं पोटॅशियम द्यायचं तर शुद्ध पोटॅशियम सल्फेट, ५० लिटरला अर्धा ते एक ग्रॅम, आठवड्यातून एकदा पाणी बदलल्यावर. चमच्याच्या अंदाजाने नको, काट्यावर मोजा. मगात विरघळवून मग ओता. भोकं पडलेली पानं भरून येत नाहीत, फरक नव्या पानांवर बघायचा.

स्वोर्ड लावलात तर कुंडीत मुळांखाली एक खताची गोळी, दोन-तीन महिन्यांनी दुसरी. उघड्या वाळूत गोळी पुरू नका. मासा ती उकरून काढतो आणि सगळं खत पाण्यात उतरून शेवाळ माजतं.

तळवाळू:

ब्लीचचं सांगतो. घरगुती, वासाची किंवा फेसाची भर नसलेलं, साधारण ५% सोडियम हायपोक्लोराइटचं. १ भाग ब्लीच, १९ भाग पाणी. अनुबियस ९० सेकंद, फार तर २ मिनिटं. जावा फर्न ९० सेकंदांच्या पुढे नाही. घड्याळ लावून. लगेच वाहत्या पाण्यात धुवायचं आणि अँटीक्लोरीनची दुप्पट-तिप्पट मात्रा घातलेल्या बादलीत १०-१५ मिनिटं बुडवून ठेवायचं. शेवटी हुंगून बघा. ब्लीचचा वास राहिला तर पुन्हा धुवा. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, आणि ब्लीच व्हिनेगरमध्ये किंवा दुसऱ्या कुठल्याही क्लीनरमध्ये मिसळू नका, विषारी वायू निघतो. हे काम मुलांना देऊ नका.

व्हॅलिस्नेरिया, हॉर्नवर्ट, मॉस यांना ब्लीच सोसत नाही. त्यांना वर सांगितलेलं विलगीकरणच. खरं म्हणजे भीती वाटत असेल तर सगळ्यांनाच तेच करा. ३-४ आठवडे थांबायची तयारी असली की ब्लीचची फारशी गरज उरत नाही.

झाडाच्या जुडीला राखाडी धातूची पट्टी गुंडाळलेली असते, ती काढून टाका. तिच्याखाली देठ चिरडून कुजतात.

काठावरचा:

अजून कोणी मनीप्लांटचं नाव काढलं नाही. नायट्रेट ४०चं कमी करायचं असेल तर टाकीतल्या सगळ्या झाडांपेक्षा त्याचा उपयोग जास्त. पानं हवेत, मुळं पाण्यात. हवेतला सीओटू त्याला फुकट मिळतो, म्हणून ते पाण्याखालच्या झाडांपेक्षा कितीतरी जोरात वाढतं आणि तेवढाच नायट्रोजन ओढतं.

पेरं असलेल्या ३-४ फांद्या, प्रत्येकी १५-२० सेंमी. मातीतलं झाड असेल तर मुळांची माती कणन् कण धुवायची, त्यात खत किंवा कीटकनाशक असू शकतं. त्यापेक्षा नुसत्या फांद्या साध्या पाण्याच्या बरणीत ठेवून तिथेच मुळं फुटू द्यावीत. मुळं ५-६ सेंमी झाली की हँग-ऑन फिल्टरच्या मागच्या कप्प्यात सोडा. मासे तिथे पोचत नाहीत. टाकीत सोडलीत तर मुळं खातील. त्यासाठी प्लॅस्टिकच्या जाळीची छोटी टोपली काठाला अडकवता येते. एकही पान पाण्यात बुडता कामा नये, सडतं. या झाडात कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक असतात, म्हणून पानं माशांपासून आणि लहान मुलांपासून लांब. महिन्यातून एकदा मुळं छाटा, नाहीतर ती मोटरपर्यंत जाऊन प्रवाह अडवतात.

नायट्रेट याने खाली येईल. संथ पाणी यांचा क्षारतेचा मुद्दा मात्र तसाच राहतो, पाणी बदलायचंच.

संथ पाणी:

मनीप्लांटला +१.

खाण्यासाठी वेगळी हिरवळ दिलीत तर सजावटीच्या झाडांवरचा मारा कमी होतो. एका बादलीत डकवीड (पाण्यावर तरंगणारी टिकलीएवढी पानं) किंवा हायड्रिला वाढवा, दर दोन दिवसांनी मूठभर टाकीत. बादलीत टाकीतून काढलेलंच पाणी घाला, खत तेच. हॉर्नवर्टही चालतं, पण त्याच्या सुया गळून फिल्टरचा स्पंज भरतो, मला ते छोट्या टाकीत आवडत नाही. जास्तीची झाडं सुकवून कचऱ्यात टाका. तळ्यात, ओढ्यात किंवा नाल्यात सोडू नका, यातली काही बघता बघता सगळं पाणी व्यापतात.

पाणवेल:

मासे आजारी पडले आणि मीठ घालावं लागलं तर झाडांचं काय?

तळवाळू:

लिटरला १ ग्रॅमपर्यंत अनुबियस, जावा फर्न सोसतात. लिटरला ३ ग्रॅमचा उपचार करायचा असेल तर व्हॅलिस्नेरिया आणि हॉर्नवर्ट जातील, बाकीचीही पानं टाकतील. म्हणून उपचार टाकीत करूच नका. २०-२५ लिटरचा टब, एअर स्टोन, रोज पाणीबदल, मीठ नाहीतर औषध तिथे. तांबं असलेली औषधं तर झाडांच्या टाकीत नकोच, वाळूत आणि झाडांत ती मुरतात आणि पाण्यातलं प्रमाण सांभाळता येत नाही. फक्त पांढऱ्या ठिपक्यांचा रोग असेल तर मासे हलवून भागत नाही. परजीवीच्या पुढच्या अवस्था मूळ टाकीतही असतात. अशा वेळी उलटं करा, झाडं बाहेर काढा आणि उपचार टाकीत करा. काढलेली झाडं माशांशिवाय ३-४ आठवडे राहू द्या. दगडावरची आणि कुंडीतली झाडं असल्यामुळे हे दहा मिनिटांचं काम आहे.

हिरवी काच:

आणखी एक, कारण पुढचा प्रश्न बहुतेक हाच येईल. जावा फर्नच्या पानाखाली तपकिरी-काळे ठिपके ओळीने आले तर ते बीजाणूंचे असतात, रोग नाही. पानाच्या टोकाला छोटी रोपं मुळांसकट लटकताना दिसतील. ती ३-४ सेंमी झाली की चिमटीने सोडवून दुसऱ्या दगडावर चिकटवा. काळा, केसाळ, दाढीसारखा थर पानाच्या कडेला आला तर ते मात्र शेवाळ. थोडं असेल तर ते पानच कापा. जास्त असेल तर दगड बाहेर काढा, थरावर ३% हायड्रोजन पेरॉक्साइड ब्रशने लावा, ३-५ मिनिटांनी धुऊन परत ठेवा. दोन-तीन दिवसांत थर लालसर होतो आणि मग मरतो. दिव्याचा वेळ तासाभराने कमी केला नाही तर तो परत येतो.